पुन्हा प्रयत्न करा

बारा टॅब आले आमच्या शाळेला,
शिरोलीच्या एका फौंड्रीनं दिले.
बारावा खोक्यातनंच तडकून आलेला.
तो कुणी घ्यायचा यावर
पहिलीच्या वर्गात दोन दिवस भांडण.

शाळेची वीज तोडलेली. बिल पंचायतीकडं,
पंचायतीचं बोट झेडपीकडं.
म्हणून टॅब रात्री दूध संस्थेत असतात,
फॅटच्या मशिनशेजारी, एकाच बोर्डावर,
आणि सकाळी किटली रिकामी करून
समर्जितचा बाप ते पोत्यातून आणून देतो.
त्यांना म्हशीच्या दुधाचा वास येतो.
माहितीपुस्तकात हे लिहिलेलं नाही.

हेही नाही, की गुऱ्हाळं पेटली
की पोरांची बोटं काकवीनं चिकट असतात
आणि काच बोट ओळखत नाही.
मी पदराचं टोक ओलं करून ठेवते,
एकेक बोट पुसते.
मग कुठं 'क' उजळतो.

खोटं कशाला बोलू, चालतंय ते.
वर्षभर तोंड न उघडलेला रणधीर
त्या काचेला आकडे सांगतो, कुजबुजत,
एकवीस, बावीस, तेवीस.
मला अजून सांगत नाही.
लागलं मला थोडं.
पण सांगतो, हे काय कमी.

तर संयोगिता.
टॅबमधली बाई विचारते, गोड,
बँकेच्या फोनवर विचारतात तशी,
"काल तू कुठे गेली होतीस?"
संयोगिता ताठ बसून, मोठ्यानं:
"मी मामाच्यात गेल्तो."
लाल चौकट. पुन्हा प्रयत्न करा.
"मी मामाच्यात गेल्तो की!"
पुन्हा प्रयत्न करा.
तिसऱ्यांदा तिनं काचेला तोंड लावून सांगितलं,
बहिऱ्या माणसाला सांगतात तसं, तोडून तोडून.
खाली हिरव्या अक्षरांत उत्तर उमटलं:
मी मामाकडे गेले होते.

तिनं माझ्याकडं बघितलं.
तिची आई अशीच बोलते, आत्या, चुलती,
कासारीकाठी भांगलायला जाणाऱ्या सगळ्या बायका:
मी आलो, मी जेवलो, मी दमलो बाई.
एवढ्या सगळ्याजणी चुकल्या?

मला माझी पहिली आठवली.
गुरुजींनी पट्टी उगारली नव्हती,
नुसते हसले होते. मग वर्ग हसला.
त्या दिवसापासून आले, गेले, जेवले
मी पाढ्यासारखं पाठ केलं,
डीएडला म्हटलं, बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं म्हटलं,
आज बावीस वर्षं फळ्यासमोर म्हणतेय.
तरी उंबऱ्याला अंगठा ठेचला
की तोंडातनं निघतं, "मेलो!"

खिचडी झाल्यावर सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं,
तडकलेल्या टॅबमधलं रेकॉर्डिंगचं बटण शोधलं
आणि संयोगिताला म्हटलं, सांग याला.
तिनं घसा खाकरला.
"हे बघ. आमच्यात गेल्तो म्हणत्यात.
पुस्तकात गेले होते म्हणत्यात.
मामा त्योच हाय."
पोरं खिदळली. ती नाही.

महिन्याच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो,
ॲपमधील त्रुटी, असल्यास.
दरवेळी मी तिथं 'नाही' लिहिते.
या वेळी लिहिलं: ऐकायला कमी येतं.
रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय नाही,
फॉर्म अजून माझ्या फोनमध्येच फिरतोय.

सुटल्यावर टॅब पोत्यात भरताना
संयोगितानं तडकलेला सगळ्यात वर ठेवला.
मी पोत्याचं तोंड बांधायला लागले
तर सुतळी धरली तिनं.
"नगं बांधू बाई," म्हणाली,
"सांजच्याला दूध घालाय बायका येत्यात तितं.
जरा ऐकू दे की त्याला."